नग तीनशे बारा

पेटी आली तेव्हा सही माझी घेतली.
मी कुंदा अहिरे, प्रयोगशाळेची परिचर,
परीक्षानळी फुटली की वहीत लिहिणारी,
कोणाच्या हातून फुटली तेही.
झाकणावर कागद चिकटवलेला: नग तीनशे बारा.
मोटारी, पट्ट्या, दातेरी चाकं,
काड्यापेटीएवढा एक मेंदू
आणि स्क्रू इतके बारीक
की घरून ताट आणलं
आणि तीळ निवडावेत तसे मोजले.

नियम एकच, पण कडक.
पेटीत आहे त्यातूनच यंत्रमानव करायचा.
पहिला आला त्या संघाला तंत्रनिकेतनाची
एका मुलाची तीन वर्षांची फी.

तिघं होते.
अयान मणियार, तारांचे रंग तोंडपाठ.
संजीवन भोये, पेठकडचा, वसतिगृहात राहणारा,
दिवसाला चार वाक्यं बोलायचा,
तीही बहुतेक पान्याशी.
आणि केतकी, तांबट आळीतली.

आधी त्यांनी माणूस केला.
माणूस दोन पावलं चालला आणि बेसिनमध्ये पडला.
मग द्राक्षं तोडणारा हात.
मणी असा प्रेमाने धरायचा
की रस थेट कोपरापर्यंत.
फरशी मी पुसली.
मुंग्या आठवडाभर येत राहिल्या.

त्या बेसिनमध्येच बहुधा
आठ दातांच्या चाकाचा एक दात गेला.
मी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.
‘बाई, थांबा ना. ऐका.’
चाक फिरत होतं, दांडी उचलली जायची, पडायची:
टक टक टक टक टक टक टक
आणि काहीच नाही.
परत सात. परत काहीच नाही.

‘काका असंच ठोकतात,’ केतकी म्हणाली.
‘सात ठोके, मग हात थांबतो.
तेवढ्यात हंडा बोटभर फिरवायचा.
थांबलं नाही तर सगळा मार एकाच जागी बसतो,
पत्रा फाटतो.’

मी तांबट आळीतून किती वर्षं गेले असेन.
कानावर हात ठेवून.

मग त्यांनी जे केलं त्याला डोकं नव्हतं, डोळे नव्हते.
सर म्हणाले, डोळे तरी लावा रे, परीक्षकांना आवडतं.
अयान म्हणाला, पेटीत डोळे नाहीत, सर.

गंगापूर रोडच्या त्या मोठ्या कॉलेजात
बाकीचे यंत्रमानव नाचत होते,
एकाने तर परीक्षकांना नमस्कार केला.
आमचं टेबलाच्या कोपऱ्यात बसून
तांब्याची एक छोटी वाटी बडवत होतं.
जाड काचांचे परीक्षक वाकले,
घड्याळ लावून ऐकत राहिले.
‘लय चुकतेय. आठवा ठोका गायब आहे.’
केतकीचा चेहरा उतरला, अयान तारांकडे बघू लागला,
आणि संजीवन बोलला. पान्याशी नाही.
‘गायब नाही, सर. तेव्हा वाटी फिरते.’
परीक्षक पुन्हा वाकले.
वाटी फिरत होती, बोटभर,
दुसऱ्या मोटारीवर, बरोबर त्या क्षणी.

दुसरा नंबर.
दुसऱ्याला अर्धी फी, तीही तिघांत.
शालिमारच्या बसमध्ये मी बोटांवर हिशोब केला,
एकेकाच्या वाट्याला एक सत्र.
पुढच्या पाचांचं काय, हे बसमध्ये कोणी काढलं नाही.
वाटी मात्र तिघं आळीपाळीने मांडीवर घेत होते.

सोमवारी पेटी परत जायची.
शनिवारी ताट घेतलं, मोजलं. तीनशे अकरा.
पुन्हा मोजलं.
तुटक्या दाताचं चाक नव्हतं.
केतकी खिडकीशी उभी, पटांगणात काहीतरी
फार महत्त्वाचं चाललंय अशी बघत.
पटांगणात कोणी नव्हतं.

वहीत लिहिलं: नग तीनशे बारा, पूर्ण.
सही केली, तारीख घातली.
नोकरीला सव्वीस वर्षं झाली, हात जरा अडखळला.

ताट घरी नेलं, संक्रांत जवळ आली होती.
धुताना कडेच्या खाचेत
एक स्क्रू अडकलेला निघाला.