पायरी कशाला म्हणायचं

ओयार्सूनसरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं:
दोन्या एदुविहिस, वय एक्याऐंशी.
गॅसचा सिलिंडर वर कसा न्यायचा?
आणि खडू खिशात टाकला,
जणू आता तो आमच्या हाती लागायचा नव्हता.

वालपाराइसोत टेकड्यांना तोटा नाही.
गॅसवाला खालच्या रस्त्यावर गाडी लावतो,
लोखंडी कांबीनं सिलिंडर बडवतो,
ठण ठण, ठणण ठण.
ज्याचे गुडघे शाबूत त्यानं उतरावं,
बाकीच्यांनी कुणाचे तरी उसने घ्यावेत.

आम्ही चौदा वर्षांचे, उत्तरं तयारच होती.
कप्पी, म्हणाला रेनातो.
दोर आणि मोटर, म्हणाली मायते.
मी वहीत ड्रोन काढला, चार पंख्यांचा,
पाचवा शोभेला.
सरांनी सगळं ऐकलं. छान, म्हणाले.
आता वह्या मिटा, बुटांच्या नाड्या आवळा.
उंटावरून शेळ्या हाकायला तुम्हाला पुढे
मोठमोठ्या कचेऱ्या मिळतील.

आधी मोजा.
रेनातोच्या भरल्या एकशे सदुसष्ट,
मायतेच्या एकशे चौसष्ट,
माझ्या एकशे एकाहत्तर, आणि मी दोनदा मोजल्या होत्या.
तिथंच जुंपली. एक पिवळा कुत्रा
एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला.
सर इतके खूश की त्यांनी टोपी काढली.
तुटलेल्या धरल्यात? वळणावरचा सपाट टप्पा?
तिच्या उंबरठ्याची ती एक?
पायरी कशाला म्हणायचं हे न ठरवताच
निघालात होय पायऱ्या मोजायला!

त्या रात्री मी आईला विचारलं,
जेवण कशाला म्हणायचं?
तिनं माझ्या पुढ्यातलं ताट उचललं.
व्याख्या कळली.

मग वहीत तीन रकाने आले:
माहीत आहे. वाटतं आहे. विचारायचं आहे.
मधला भरून वाहायचा,
शेवटचा ओसाड.
वाटण्यावर आम्ही एक गाडा बांधला,
दोन्ही बाजूंना तीन तीन चाकं, पायरी चढणारी.
तो ब्याऐंशी पायऱ्या चढला.
त्र्याऐंशीवीच्या जागी नुसतं गवत होतं.
परत मात्र एकटा गेला, कुणाच्याही मदतीशिवाय,
थेट मासळीवाल्याच्या दारापर्यंत.
सरांनी तारीख घातली, पुढे लिहिलं, त्र्याऐंशी.
चुकलं असं कुठं लिहिलं नाही. नुसता आकडा.

यास्ना तोवर काहीच बोलली नव्हती.
एका शनिवारी ती एकटी वर गेली
आणि तिसऱ्या रकान्यातलं विचारून आली.

पंधरा किलोचा लागतच नाही दोन्या एदुविहिसला.
तो नवरा होता तेव्हाचा, पाच माणसांच्या चुलीचा.
आता एक किटली, एक अंडं,
थंडीत पायाशी गरम पाण्याची पिशवी.
पाच किलोचाही मिळतो.
मग तो का नाही आणत?
किलोमागे महाग पडतो, म्हणाली.
आणि जरा थांबून,
पंधराचा आणणारा निदान दम खायला बसतो.

सोमवारी सरांनी फळा पुसला.
सगळा नाही. नाव ठेवलं, वय ठेवलं.
खडू पहिल्यांदाच आमच्यापुढे धरला
आणि बराच वेळ तो कुणी घेतला नाही.

मंगळवार ठरला. रेनातोचं घर तिच्याही वर,
जाता जाता पाच किलो त्याच्या हाताला जड नव्हते.
बसायचं दहा मिनिटं, असं वहीत होतं.
पुढे तो चाळीस बसू लागला,
सुटीतही जाऊ लागला, ते वहीत नाही.
किमतीतल्या फरकाचं काय करायचं
हे आम्हाला शेवटपर्यंत सुटलं नाही.
तिसऱ्या रकान्यात आहे अजून,
माझ्या अक्षरात, खोडाखोडीसकट.

आता मी बंदरात असतो, जहाजांच्या वेळा लावतो.
कुणीतरी धावत येतं, हातात उत्तर घेऊन,
अजून गरम, वाफाळतं.
मी म्हणतो, बस. आधी सांग,
पायरी कशाला म्हणतोस?
लोकांना वाटतं, हा वेळ काढतोय.
काढतोच.