मधले अठरा दिवस

मस्कतचं घर रिकामं करून आलोय,
रॉटरडॅमचं अजून पाहिलं नाही.
मधले अठरा दिवस कोल्हापुरात,
बहिणीच्या माडीवर, बॅगा न उघडता.

नव्या घराला म्हणे तीन खिडक्या,
खाली कालवा.
आनंद होतोय.
होतोय, हेच जरा टोचतं.

रात्री गंगावेशीत दूध प्यायला गेलो.
धारेचा कोमट फेस ओठांना लागला
आणि आठवली तिथली बाल्कनी,
कुंडीतला कढीपत्ता
शेजारच्या फिलिपिनो बाईकडे सोपवलेला.
त्याचं नाव तिला सांगायचं राहिलं.

ग्लास विसळत गवळी म्हणाला,
"घरला कवा जायाचं मग, पावनं?"

खिशात हात गेला.
टपालपेटीची किल्ली. द्यायचीच विसरलो.

"येत्या मंगळवारी," म्हटलं.
त्यानं काही न विचारता
ग्लास परत म्हशीखाली धरला.