घोडा

पूर ओसरला तेव्हा वेस्द्र नदीनं
माझ्या तळघरात ठेवून दिलं होतं
हातभर गाळ, कुणाचीतरी सायकल,
आणि हे.

आधी वाटलं, नळाचा तुकडा.
फावड्याला लागलं तेव्हा आवाजही तसाच आला.
बादलीत बुडवून जुन्या ब्रशनं घासत बसले
तशी हळूहळू मूठ वर आली,
अक्रोडाची,
अंगठा टेकतो तिथं किंचित खोलगट.
माझा अंगठा तिथं नेमका बसला.
मी तो काढून घेतला.

गंज नुसता तांबडा नसतो.
नळीच्या तोंडाशी तो कांद्याच्या जळक्या सालीसारखा,
चापाच्या बगलेत ओल्या तंबाखूचा,
आणि पोपडा निघाला तिथं खाली
निळंकाळं लोखंड, पीळ पडलेलं,
तापवून, गुंडाळून, ठोकलेलं.
इथलंच. या दरीत तेव्हा
घराघरात भाता होता म्हणे.
बुडाशी अंडाकृती ठसा, आत तीन अक्षरं,
मधलं नदीनं खाल्लेलं.

दोन दिवस मी त्याला मालक शोधत होते.
धुक्यात पाठीला पाठ लावून उभे दोन तरुण.
सीमेपलीकडं लेस पळवणारी बाई,
परकराच्या अस्तरात हे गार वजन.
एक औषधवाला, कर्जात,
दुकानाची फळी आतून लावून घेतलेला.

फ्लोरिमाँ आला. शेजारचा.
चाळीस वर्षं कारखान्यात नळ्या घासलेला.
हसला.
"अशी आमच्या पणज्या टोपल्यांतून वाहायच्या, पाठीवर.
गाडीवान घ्यायचे. कुत्र्यांसाठी."
घोडा मागं ओढून पाहिला. हलेना.
दातखीळ बसलेली.
"घोडं इथं पेंड खातंय," म्हणाला,
"तेल आण, रात्रीत सुटेल."

मी तेल शोधेपर्यंत
त्यानं माझी विणायची सुई नळीत सोडली होती.
आतून मापली. बाहेरून मापली.
पुन्हा आतून.
मग दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल ठेवावं तसं
ते टेबलावर ठेवलं,
तोंड भिंतीकडं करून.
"दोन बोटं कमी भरते," म्हणाला.
"आत गोळी आहे."

म्हणजे कुणीतरी दारू मोजली होती.
कागद चुरगळून ठासला होता.
शिसं घातलं होतं, गज दाबला होता,
हे सगळं शांतपणे, क्रमानं,
कारण हात थरथरला तर दारू सांडते.
आणि मग?

मग कदाचित सूप निवलं म्हणून कुणी हाक मारली.
कदाचित तो माणूस आलाच नाही त्या रस्त्यानं.
की आला,
आणि जवळून पाहिल्यावर
फारच म्हातारा दिसला.

माझे तरुण गेले, लेसवाली गेली.
उरलं एवढंच:
पुलावर उभं कुणीतरी,
खाली पाणी,
आणि एक बारीकसा डुबुक आवाज
ज्याचा इतिहास कुणी लिहीत नाही.

फ्लोरिमाँ पोलिसांना फोन लावतोय.
उद्या येतील, पेटी घेऊन.
तेलाची बाटली माझ्या हातात तशीच.
मी बूच घट्ट लावलं
आणि ती परत फळीवर ठेवली.