आठ सेकंद

माझा रेडिओ आठ सेकंद पुढे असतो.
वरच्या मजल्यावर यबारांचा टीव्ही
कुठल्याशा उपग्रहाला वळसा घालून येतो,
म्हणून मिलवॉकीच्या या दुमजली लाकडी घरात
बातमी आधी तळाशी पोचते,
मग वर चढते, भट्टीच्या उबेसारखी.

एप्रिल ते सप्टेंबर त्याचं कुणाला काही नव्हतं.
एकशे बासष्ट सामने. हरले तर हरले,
उद्या परत आहेच.
ऑक्टोबरात मात्र उद्या मोजून मिळतो.
मेपलची पानं पन्हाळी तुंबवतात,
मी खिडक्यांच्या थंडीतल्या काचा लावत नाही,
कारण जिंकायला लागलो तेव्हा त्या लावलेल्या नव्हत्या.
अंगात तोच राखाडी स्वेटशर्ट.
बहीण फोनवर म्हणते,
"क्लेमेंट, तुझा वास ग्रीन बेपर्यंत येतोय."
येऊ दे.

पहिल्या फेरीत होमरन गेला
तेव्हा मी झाडूच्या दांड्याने छताला ठोकलं, तीनदा.
वर अजून पिचर चेंडू हातात घोळवत होता.
दुसऱ्या वेळी मारिसोल काय ते समजली. वय वर्षं नऊ.
तिसऱ्या वेळी ती टीव्हीच्या आधीच नाचायला लागली.
दुसऱ्या दिवशी तिचा बाप खाली आला,
हातात झाकलेली ताटली, तामाले, अजून वाफाळते.
"मिस्टर बुडझिन्स्की,
आम्हाला आमच्या वेळेला कळू द्या ना."
त्याचं बरोबर होतं. तामालेही चांगले होते.
झाडू कपाटामागे गेला.

काल सातवा सामना.
नववी इनिंग, एका धावेने मागे, दोन आउट,
दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर आमची पोरं.
पेन्सिल चावून चावून तोंडात लाकडाची चव.
चाळीस वर्षं मी बसगाड्यांचे ब्रेक दुरुस्त केले,
एखादी गोष्ट कधी थांबणार ते कानाला आधी कळतं:
समालोचकाने श्वास घेतला,
नको तितका लांब.
तिसरा स्ट्राइक. बॅट खांद्यावरच.
चौकटीत मी के उलटा काढला.
नुसता बघत राहून जो बाद होतो
त्याच्यासाठी तो उलटाच काढतात.

आणि वर पाय वाजत होते.

एक. सोफ्याची स्प्रिंग.
दोन, तीन. मारिसोलची आई स्पॅनिशमध्ये कुणाला तरी विनवते.
चार. मी रेडिओ बंद केला,
जणू तो त्यांना ऐकू जाईल.
पाच. त्यांच्याकडे अजून दोन्ही पोरं बेसवर उभी,
गुडघ्याची माती झटकत, घरी यायच्या तयारीत.
माझ्या डोक्यावर एक अख्खं घर होतं
ज्यात अजून काहीच बिघडलं नव्हतं.

रीटाच्या वेळी हॉस्पिटलातून फोन मला आला होता.
मुलाला कळवायच्या आधी मी कॉफी केली.
प्यायलो नाही.
नुसती केली.

सहा, सात मोजायचे राहिले.

वरचे पाय थांबले.
कुणीतरी टीव्ही बंद केला, नळ सोडला,
बराच वेळ भांडी घासली.
मग छतावर, म्हणजे त्यांच्या जमिनीवर,
टाच आपटली. एकदा. थांबून दोनदा.
मी कपाट सरकवलं.
झाडू कोळिष्टकांत उभा होता.

आज गुरुवार, कचऱ्याचे डबे.
यबारा म्हणाला, "तुम्हाला आधीच कळलं होतं."
"आठ सेकंद."
तो डब्याचं झाकण उघडत राहिला, मिटत राहिला.
"त्यात काय केलंत?"
मला उत्तर सुचेना. म्हटलं,
"फेब्रुवारीत पिचर सरावाला येतात."
"बारा तारखेला," मारिसोल म्हणाली,
दप्तर पाठीवर, डोळे सुजलेले,
आणि स्कूलबसकडे पळाली.

स्वेटशर्ट भिजत घातलाय.
काचा दुपारी लावेन,
वारा पडला तर.