माग

कातडं चुलीमागे टांगलेलं असायचं,
राख चोळून कडक झालेलं, कानांसकट.
नारसिंग मामा रात्री ते ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवी
आणि पहाटे माझ्या हातात दोर देई :
"चाल. आज तू ससा."

अनेरच्या काठाला दादर अजून उभी होती.
पऱ्हाट्यांच्या ओळीतून मी कातडं ओढत निघायचो,
अकरा वर्षांचा, अनवाणी.
मागे खोपटाच्या दारात, मामाच्या गुडघ्यांत दाबलेला
साडेचार महिन्यांचा फुंक्या.
जमिनीला नाक लावलं की धूळ उडवायचा,
म्हणून फुंक्या.

पहिला आठवडाभर तो थेट माझ्याकडेच यायचा.
वाटेत पडलेलं कातडं ओलांडून
माझ्या टाचा चाटायचा.
मामा थुंकायचा.
"हाऊ तुन्हा माग काढस रे, ससाना नही."

मग चोपड्याच्या बाजारातून लांब दोर आला.
एक टोक माझ्याकडे, एक जमनाकडे,
मधोमध कातडं.
बहीणभाऊ आम्ही दोन बांधांवरून चालायचो, न बोलता,
जणू झोळीतून कुणाला दवाखान्यात नेतोय.
मधल्या भुईवर आता फक्त सशाचा वास.
फुंक्या थबकला. शेपटी थबकली.
मग नाक एकटंच पुढे सरकलं
आणि बाकीचा कुत्रा त्याच्यामागून गेला.
"उचलला," मामा म्हणाला, स्वतःशीच.

"ससा शिधा जास का कधी?"
हे पुढचं शिक्षण, माझंच जास्त.
वीस पावलं जा, त्याच पावलांवरून परत ये,
मग दगडावरून बाजूला उडी.
हरभऱ्यात शिर, पानावरची आंब नाकाला झोंबते.
शाळेत माझी गणितं आपोआप चुकायची,
इथे चुका मोजून करायच्या होत्या.
रात्री गुडघे पोटाशी घेऊन पडायचो,
उद्या कुठे वळायचं ते ठरवत.

संक्रांत होऊन चार दिवस झाले
आणि खरा ससा उठला.
फुंक्याला त्या दिवशी पहिल्यांदा आवाज फुटला.
भुंकणं नव्हे ते, कोरडा रहाट ओढल्यासारखं काहीतरी
शेतामागून शेत ओलांडत.
मामा बांधावर काठी घेऊन.
मला उभं केलेलं नाल्याच्या तोंडाशी.
तो कुठून येणार, मला माहीत होतं.
मी असतो तर तिथूनच आलो असतो.

तिथूनच आला.
धावत नव्हता. थांबत, ऐकत,
कान पाठीला चिकटवून
माझ्या पायांवरून गेला.
डाव्या पायावर एका पंजाचं वजन
जुन्या दहा पैशांएवढं.
मागच्या बोरीच्या जाळीत बसला. डोळा उघडाच.

"दिखना का रे?" मामा ओरडला.
"नही."

फुंक्या हरभऱ्यातून शिंकत आला,
एक वळण न सोडता,
उलट फिरलेली वाट सुलट करत,
आणि माझ्या डाव्या पायाशी थांबला.
त्या नाण्याएवढ्या जागेवर नाक ठेवलं.
वर पाहिलं.

मामा आला. त्यानेही पाहिलं.
"परत तुन्हाच माग."
कान धरून त्याला ओढला, दोन काठ्या घातल्या.
मी जाळीला पाठ करून उभा.
कुत्र्याने त्या सकाळी एकही चूक केली नव्हती,
हे माहीत असलेले आम्ही तिघं.
त्यातला एकच बोलू शकत होता.

रात्री कळण्याची भाकरी आणि नुसती मिरची.
जमनाने विचारलं, मग ससा?

बुधवारी एक मेंढपाळ आला, धरणगावकडचा.
दोन पायल्या ज्वारीत सौदा झाला.
"नाक नही त्याले, भुंकी तरी," मामा म्हणाला.
फुंक्या लगेच मेंढरांमागे गेला नाही.
आधी आमच्या अंगणातल्या, खळ्यातल्या
सगळ्या जुन्या वळणांवरून एकदा फिरला,
जमिनीला नाक लावून, धूळ उडवत.
मी दोर गुंडाळत होतो. तो गुंता काही सुटेना.