एकतीस ते छत्तीस

मोळाच्या ओढ्याला रस्त्यावरचे दिवे अजून चालू असतात
तेव्हा आम्ही निघतो. पुढे तौसीफ मुलाणी,
त्याच्या मागच्या लाल लुकलुकीला धरून मी,
आणि शेवटी शेडगे मॅडम, ज्यांची चेन
मेढ्यापर्यंत कुरकुरते आणि मग गप्प होते.
कण्हेरच्या पाण्यावर जानेवारीचा धूर.
अजून बोलायचं नाही.
बोलण्यात जाणारा श्वास पुढे लागणार आहे.

मेढ्यात चहा, उभ्या उभ्या.
हॉटेलवाला माझे बूट बघतो,
कातळावर शेळी चालावी तशी मी टकटकत जाते.
"गाडी न्हाई का मिळाली?"
"मिळाली की," तौसीफ म्हणतो, "हीच."

केळघरपासून रस्ता उठतो.
अंथरुणातून उठावं तसा, आधी एक कूस,
मग दुसरी,
मग एकदम उभा.

दगड एकतीस.
इथून आबांचं.

मैलकुली होते आबा. कोंडिबा बेलोशे,
सार्वजनिक बांधकाम, एकतीस ते छत्तीस.
कुदळ, घमेलं, काठीला लाल फडकं.
पावसाळ्यात दरडी उपसायच्या,
दिवाळीनंतर कठड्यांना चुना,
आणि बारमाही मोऱ्या.
सतरा मोऱ्या, प्रत्येकीचं तोंड ओळखीचं.
"रस्ता पाण्यानं मरतो," म्हणायचे, "चाकानं न्हाई."

पहिल्या मोरीला मी दोन गिअर उतरते.
पाचवीला उरलेला एक.
त्यापुढे गिअर संपतात आणि मांड्या सुरू होतात.
घाम आधी भुवईत अडतो, मग डोळ्यात.
कठड्यापलीकडे वेण्णेचं खोरं इतकं खोल
की खालच्या वावरातला माणूस
कुणाला हाका मारतोय की गातोय, कळत नाही.

चढ किती टक्के, हे तौसीफच्या हँडलवरचा डबा
मिनिटामिनिटाला सांगतो.
मला विचाराल तर सात ते नऊ वाईट.
दहावीला जांभळीची सावली, तेवढ्यात घोटभर पाणी.
अकरा ते तेरा कुणाशी बोलू नये,
देवाशीसुद्धा.

चौदावी तुंबलेली दिसली.

चढावर थांबणं काय असतं
ते सायकलवाल्यालाच ठाऊक.
थांबलं की तोच चढ दुप्पट होतो.
दोघं वळणाआड गेले, मी सायकल कठड्याला टेकवली.
काटकीनं ओढत गेले: कुजका पाला,
वेफर्सची पाकिटं, बाटल्या, एका पायाची चप्पल,
आणि पुन्हा पाला.
पाणी यायला अजून पाच महिने आहेत.
वरून येणाऱ्या गाडीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.
कशाबद्दल ते कळलं नाही.

मग परत स्वार होणं. सायकल तिरपी लावून,
रस्ता आडवा कापत, एक बूट अडकला, दुसरा निसटला,
पोटरीवर पायडलचे चार दात.
पंधरा. सोळा. सतरावी कधी गेली कळलं नाही.

महाबळेश्वरात मॅडमनी विचारलं, पंक्चर?
मी मान हलवली, ती हो की नाही
हे त्यांनीच ठरवलं.

उतार कुणाच्या बापाचा नसतो.
पसरणीच्या घाटातही मोऱ्या असतीलच,
त्या कुणी राखल्या मला माहीत नाही.
तिथे मी फक्त खाली येणारं एक वजन,
बोटं ब्रेकवर गोठलेली,
नाकात वाईकडच्या उसाचा, गुऱ्हाळाचा वास.

रात्री फोन. शंभरच्या वर किलोमीटर झाले,
किती वेळ लागला, हे आबा विचारत नाहीत.
"मोऱ्या?"
"चौदावी तुंबली होती. मोकळी केली."
"खालचं तोंड बी?"

खालचं तोंड कठड्याच्या पलीकडे, दरीच्या अंगाला.
मी गप्प.

"वरचंच केलंस व्हय," आबा म्हणाले,
आणि फोन भावाकडे दिला.

पुढच्या रविवारी
दुसरे बूट पाठीला बांधून न्यावे लागतील.