सतरा एक

हीउमा बेटाच्या पश्चिम टोकाला हवामानाची चौकी,
बाहेर गोठलेला बाल्टिक, आत बर्चच्या लाकडाची भट्टी.
वाइके लेंबर दर तीन तासांनी पारा वाचायची.
एका रात्री टंकयंत्राची कळ अडकली
आणि हवेच्या दाबाच्या रकान्यात उमटले
सतरा एक.

फाडायचा तो कागद तिनं ठेवून दिला.

आपल्या मोजणीत ही संख्या मध्यापर्यंत चढते,
परार्धाची पायरी तेवढी राहते.
तिला ही नावं ठाऊक नव्हती.
तिला दिसलं ते इतकंच: डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा,
चेहरा तोच; पोटात काय आहे, कळत नाही.

तीननं जात नाही, अंकांची बेरीज सतरा.
अकरानं जात नाही, आठ जोड्या लागतात, शेवटचा एकटा.
सतरा स्वतः मूळ, म्हणून भागणारा कुणी असलाच
तर चौतिसाच्या पाढ्याच्या एक पाऊल पुढे उभा असणार.
एकशे तीन. एकशे सदतीस. दोनशे एकोणचाळीस.
एवढाच दिलासा, पुढचं सगळं मनगटाचं काम.

लोखंडी फेलिक्स यंत्र, बाजूला मूठ.
तेराच घरं; सतरा आकडे तुकड्यांनी आत घालायचे.
वजाबाकी एकदा जास्त झाली की घंटी,
मग मूठ एक फेरा उलटी.
तीन, पाच, सातनं जाणारे गाळून रात्रीला वीस भाजक.
उन्हाळ्यात नाही.
उन्हाळ्यात रात्रच नसते, आणि बटाटे असतात.

वहीत प्रत्येकापुढे बाकी,
बाकीपुढे कधी वाऱ्याची दिशा, कधी ‘एल्मारला खोकला’.
एल्मार तारवाला. विचारायचा, आज सापडलं?
ती म्हणायची, वीस ठिकाणी नाही, हे सापडलं.

पाचव्या हिवाळ्यात वहीतला खोकला थांबतो.
का, ते लिहिलेलं नाही.

आठवा हिवाळा, फेब्रुवारी, पारा उणे एकोणीस:
वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस.
घंटी नाही. खिडकीत शून्यं, नुसती शून्यं.
यंत्र बिघडलं असं धरून तिनं तेल घातलं,
पुन्हा फिरवलं. मग कागदावर, हातचे धरत,
शाळेतल्यासारखा गुणाकार:
एकाशेजारी एक उगवत गेला, सतरापर्यंत.

दुसरा भागीदार दहा आकडी,
५३६३२२२३५७.
ह्याच्या पोटात आणखी कुणी?
तिनं नव्या पेन्सिलीला टोक केलं
आणि एकटीच हसली.
ह्याला तोडणारा असता
तर त्र्याहत्तर हजारांच्या आसपास संपला असता शोध,
पहिल्याच हिवाळ्यात भेटला असता,
एल्मार विचारत होता तेव्हा.
त्या रात्रींच्या ‘नाही’नीच
हे उत्तर तेव्हापासून धरून ठेवलेलं.

पहिली वही काढली. वीस भाजक, वीस बाक्या,
वारा वायव्येचा, एल्मारला खोकला.
समासात लिहिलं: सापडलं होतं.

सहाची तार त्या दिवशी चार मिनिटं उशिरा गेली.